पोळ्यांच्या ताईंचा मुलगा: तीन महिन्यांचा फुकट कोर्स की आयटीआय? (इंदूर)

सुदामानगरवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा आहे, पण उत्तर मला शोधायचंय. मी बँकेत होते, म्हणजे मला सगळं ठाऊक असणार असा त्यांचा पक्का समज आहे.

ताई मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या. द्वारकापुरीच्या मागच्या बस्तीत एका खोलीत चौघं राहतात. नवरा छावणीच्या मंडीत हम्माल होता, पाठ गेली तेव्हापासून घरी. मोठा मुलगा सतरा पूर्ण. गेल्या वर्षी दहावीत गणितात राहिला, पुन्हा बसलाच नाही. आता पाण्याच्या जारच्या गाडीवर जातो, सकाळी सहा ते दुपारी दोन, महिन्याचे सात हजार. धाकटी मुलगी अकरावीत आहे. राज्याच्या लाडली बहना योजनेचे पैसे येतात ते किराण्यात जातात, घरभाडं मुलाच्या सात हजारांतून निघतं. हे मुद्दाम सांगते, कारण "आधी शिक्षण पूर्ण करू द्या" असा सल्ला मला सोसायटीतल्या प्रत्येकाने दिलाय आणि भाडं कोण भरणार ते एकानेही सांगितलेलं नाही.

पोरगा हुशार आहे का? मार्कशीट बघितली तर नाही. पण उन्हाळ्यात आमच्या कूलरचा पंखा नुसता गुंगुं करत बसला. दुकानातून आलेला मेकॅनिक म्हणाला मोटर जळली, वाइंडिंग लागेल, बाराशे रुपये. हा संध्याकाळी आईला घ्यायला आला होता, त्याने पाच मिनिटं बघितलं, दुसऱ्या दिवशी ऐंशी रुपयांचा कॅपॅसिटर आणून लावला. कूलर अजून चालू आहे.

आता बस्तीत दोन मुलं टॅब घेऊन फिरताहेत. तीन महिन्यांचा कोर्स, सगळं फुकट, वर टीशर्ट आणि बॅग. मुलासाठी "रिटेल सेल्स असोसिएट", मुलीसाठी "जनरल ड्यूटी असिस्टंट", म्हणजे दवाखान्यातलं काम. "सौ टक्का प्लेसमेंट" म्हणतात, बहुधा गुजरातेत. आधार, समग्र आयडी (आपल्या राज्याचा कुटुंबाचा नोंदणी क्रमांक), पासबुक आणि मार्कशीट मागितलीय, मार्कशीट ओरिजिनल हवी म्हणे. रविवारपर्यंत नावं द्यायची आहेत. ताईंचा कल हो म्हणण्याकडे आहे, कारण फुकट आहे आणि लवकर संपतं.

कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा. लिंका पाठवू नका, त्या मीही वाचल्या आहेत.

डॉलर मार्केटवाला

काकू, सर्वात आधी: ओरिजिनल मार्कशीट कोणाच्या हातात द्यायची नाही. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. आमच्या बॅचमधल्या दोन पोरांच्या मार्कशीट सेंटर बंद झालं तेव्हा आतच राहिल्या.

मी बारावीनंतर असाच कोर्स केलाय, सेल्सचाच. बोटाचा ठसा लावून हजेरी, मग तास-दीड तास क्लास, मग सर म्हणायचे बसा किंवा जा. परीक्षा घ्यायला बाहेरचे साहेब आले त्याच्या आदल्या दिवशी सगळी उत्तरं पाठ करून घेतली. नोकरी लागली, खोटं का बोलू. दुसऱ्या राज्यात एका गोदामात बॉक्स उचलायची. खोलीचं आणि जेवणाचं कापून हातात जे उरायचं त्यात घरी पाठवायला काही राहायचं नाही. दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही. ते सर्टिफिकेट आजपर्यंत कोणीही मागितलेलं नाही.

पण एक मानावं लागेल. त्या वर्गात मॅडम होत्या, त्या रोज एकेकाला उभं करून बोलायला लावायच्या. गिऱ्हाईकाशी नजर न चुकवता बोलायचं तिथेच जमलं. आज जेल रोडला मोबाइल रिपेअरिंगच्या काउंटरवर बसतो ते त्याच्यामुळेही. रिपेअरिंग मात्र मार्केटमध्ये उस्तादच्या शेजारी बसून शिकलो. पहिले काही महिने फक्त स्क्रू काढायचे आणि चहा आणायचा.

तुमच्या पोराचा हात चालतो असं दिसतंय. त्याला सेल्समध्ये कशाला घालता?

जुना टीओ

सुदामानगरवाल्या ताई, मी सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचो. आपल्या मध्य प्रदेशात त्या पदाला प्रशिक्षण अधिकारी म्हणतात, पोरं टीओ सर म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ॲडमिशनच्या दिवसांत अजूनही गल्लीतली मंडळी मार्कशीट घेऊन दारात येतात. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी माझा एक प्रश्न. कॅपॅसिटर बदलण्याआधी त्याने पंख्याचं पातं हाताने किंवा काठीने ढकलून बघितलं होतं का? मोटर गुणगुणते पण फिरत नाही, आणि ढकलल्यावर फिरायला लागते, तर वाइंडिंग शाबूत आहे, फक्त सुरुवातीचा धक्का मिळत नाही. त्याने ढकलून बघितलं असेल तर तो तर्काने तिथे पोहोचला. कोणाचं बघून अंदाजाने बदलला असेल तरी वाईट नाही. पण पहिल्या प्रकारचा मुलगा मी वाया जाऊ देणार नाही.

आता टॅबवाले. हा कोर्स बहुधा प्रधानमंत्री कौशल विकास योजनेखालचा, नाहीतर तिच्यासारखाच एखादा. ती योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली, चौथी फेरी २०२२-२६ ची. केंद्र चालवणारे बहुतेक खाजगी असतात आणि सरकार त्यांना मुलामागे पैसे देतं. दुसऱ्या फेरीत हिशेब असा होता: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के मुलं पास झाल्यावर, शेवटचे २० टक्के नोकरी दाखवल्यावर. म्हणजे मुलगा वर्गात आला आणि पास झाला की ऐंशी टक्के रक्कम हातात. बॅच भरायची घाई का असते, परीक्षेआधी उत्तरं पाठ का करून घेतात आणि रविवारची मुदत कुठून येते, ते यावरून समजून घ्या. चौथ्या फेरीत तर नोकरी लावून देण्याची अट योजनेतूनच काढली आहे. तेव्हा "सौ टक्का" हे टॅबवाल्याचं बोलणं आहे, सरकारचं नाही. आधीच्या तीन फेऱ्यांत सरकारी आकड्यांप्रमाणेही प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांना काम लागलं.

सगळीच केंद्रं वाईट, असं मी म्हणणार नाही. मी एक शिवणकामाचं केंद्र बघितलंय, तिथली मशिनं दिवसभर धडधडत असायची आणि बायका कारखान्यात लागायच्या. ओळखायचं कसं? नाव द्यायच्या आधी चालू बॅचच्या वेळेला न सांगता जा. नुसत्या खुर्च्या आणि भिंतीवर बॅनर असेल तर नमस्कार करून परत या. अवजारं असतील तर ती झिजलेली आहेत का ते बघा. नव्याकोऱ्या अवजारांची मला भीती वाटते.

आता आयटीआय. इथे तुमच्या मुलाची गाडी गणितावर अडलीय आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण बरेच लोक इथेच चुकीचा सल्ला देतात. इलेक्ट्रिशियन, फिटर आणि फ्रिज-एसीचा ट्रेड, तिन्ही दोन-दोन वर्षांचे, तिन्हींना दहावी पास लागते, आणि तीही गणित आणि विज्ञान घेऊन. आठवी पासवर वायरमन मिळतो, तोही दोन वर्षांचा. वेल्डर मिळतो, एक वर्षाचा. पण प्रत्येक आयटीआयमध्ये हे ट्रेड असतीलच असं नाही, राज्याच्या कौशल्य विभागाच्या पोर्टलवर जागा बघाव्या लागतात.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की मुक्त शाळेतून गणित सोडून दहावी काढा, सोपं पडतं. काढता येते, खरं आहे. पण मग वरचे तिन्ही ट्रेड गेले. मुलाच्या हातात दहावी पासचा कागद असतो आणि तो खिडकीवरून परत येतो. माझ्या दारात अशी मुलं येऊन रडली आहेत. तेव्हा दहावी काढायची तर गणितासकट. आपल्या मंडळाने २०२५ पासून पुरवणी परीक्षेच्या जागी त्याच वर्षी दुसरी परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे. तुमच्या मुलाचं वर्ष मागे गेलंय, म्हणून त्याला स्वाध्यायी म्हणून, म्हणजे शाळेत न जाता, बसता येईल की मुक्त शाळेतून, ते त्याच्या जुन्या शाळेत मार्कशीट दाखवून विचारा. शाळेतला बाबू खेकसेल. तरी तिथेच विचारा, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियोस्कवाल्याला नको.

गणिताची भीती घालवायला त्याला विजेतूनच शिकवा. एक हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला युनिट किती? कूलर किती तास चालल्यावर तेवढेच युनिट होतील? अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, सगळं आलं. ओहमचा नियम म्हणजे एका चलाचं समीकरण. मी वर्षानुवर्षं "गणितात राहिलेल्या" मुलांना हेच शिकवत आलोय. ज्यांना पुस्तकातला एक्स दिसत नव्हता त्यांना अँपिअर दिसत होते.

त्या तिन्हींत मी फ्रिज-एसीचा ट्रेड सुचवेन. का ते सांगतो. कूलर हा माळव्यातला जुना धंदा आहे, पण आता बस्तीतही हप्त्यावर एसी लागतात. हे काम गल्लीतला उस्ताद अर्धंच शिकवतो. जेट पंपाने धुणं, गॅस भरणं, झालं. आधी नायट्रोजनने प्रेशर टाकून गळती बघायची, मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढायची, मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा, हे तो करत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. पाइपाला हात लावून "थंड आला" म्हणून सांगतो. पूर्वीच्या गॅसवर ते निभावून जायचं. आता नव्या एसींमध्ये आर-३२ असतो, तो थोडाफार पेट घेणारा आहे. अर्धवट शिकलेला माणूस बंद खोलीत त्याच्याशी खेळला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून या ट्रेडला शाळाही हवी आणि उस्तादही. नुसत्या एकावर भागत नाही.

आता भाड्याचा प्रश्न, जो तुम्ही बरोबर विचारलात. आयटीआयमध्ये परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा "नाव घाला आणि कामाला जा" चालत नाही. पण काही ठिकाणी दोन पाळ्या असतात, दुपारची मिळाली तर पहाटेचं काम राखता येतं. जारच्या मालकाशी आताच बोला, पहाटे पाच ते नऊ एवढीच फेरी आणि पगार निम्मा. पोरगा इमानदार असेल तर शेठ नाही म्हणत नाही, त्यालाही सकाळच्याच फेरीला माणूस लागतो. उरलेली निम्मी तूट कशी भरायची? वडील हम्माल होते म्हणता. त्यांचं संबलमध्ये नाव आहे का बघा. असंघटित कामगारांसाठी २०१८ ची राज्याची योजना आहे, तिच्यात नोंद असलेल्यांच्या मुलांची आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कॉलेजची फी सरकार भरतं. जातीच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती वेगळी. मंडीचं हम्मालीचं लायसन्स असेल तर तेही शोधून ठेवा, मंडी समितीत विचारता येईल. एवढं करूनही महिन्याला दोन-तीन हजार कमी पडतीलच. तिथे तुम्ही सोसायटीवाले काय करता ते तुम्ही बघा. त्या पोराने बाराशेचं काम ऐंशीत केलंय.

"सीखो-कमाओ" योजनेचं नाव कोणी काढेल. २०२३ ची आहे, काम शिकता शिकता महिन्याला बारावीवाल्याला ८०००, आयटीआयवाल्याला ८५०० असे पैसे. वय १८ ते २९ आणि बारावी किंवा आयटीआय तरी लागतं. तुमच्या मुलाला आज त्यात जागा नाही. आयटीआय झाल्यावर बघा.

पिथमपूर बस पास

टीओ सरांना नमस्कार, तुमच्यासारख्याच एका सरांनी मला मोठ्या मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर घोटवून घेतला होता, त्यावर आजपर्यंत जेवतोय.

मी एका प्लांटमध्ये मेंटेनन्स बघतो, कंपनीचं नाव नको. गेटच्या आतली बाजू सांगतो. आमच्याकडे आयटीआय पास मुलं येतात तेव्हा मी त्यांना सर्टिफिकेट विचारत नाही. टेबलावर मल्टिमीटर ठेवतो आणि म्हणतो, हा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चालू आहे की खराब, सांग. निम्मी मुलं मीटर कुठल्या रेंजवर लावायचा तिथेच थांबतात. खाजगी आयटीआयमधून आलेली काही मुलं तर मीटर पहिल्यांदा हातात घेतात. तेव्हा काकू, आयटीआय निवडताना त्याला एनसीव्हीटीची (आता एनसीव्हीईटी), म्हणजे देशपातळीवरची, मान्यता आहे का हे बघाच, आणि टीओ सर म्हणाले तसं वर्कशॉप आत जाऊन बघा. सरकारी मिळत असेल तर सरकारीच. तिथे मास्तर कमी असतील, पण लेथ खरी असते.

दुसरं अप्रेंटिसशिपचं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कारखान्याला कायद्याने अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. स्टायपेंडचा चौथा हिस्सा, १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. त्यामुळे आयटीआयनंतरचं एक वर्ष फुकट जात नाही. पण दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नाही, त्याचा पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर ठेवून घ्यायचं बंधन कंपनीवर नसतं. काही ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर पॅकिंगवर उभा करतात. पहिल्याच महिन्यात पोराने घरी येऊन "आज कोणतं मशीन उघडलं" हे सांगायला हवं. सांगण्यासारखं काही नसेल तर ट्रेनिंगवाल्या साहेबाला भेटायचं. चांगले प्लांट ऐकतात.

ठेकेदाराकडून "परमनंट कर देंगे" म्हणून बोलावणं आलं तर पहिला पगार झाल्यावर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा नंबर, मागायचा आणि पीएफ जमा झाला का ते मोबाइलवर बघायचं. बाकी बोलणं नंतर.

आणि एक, बसचं. इंदूरहून पिथमपूरची शिफ्ट म्हणजे पहाटे घरातून निघायचं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं कामाने थकत नाहीत, या प्रवासाने सोडतात. घरच्यांनी डबा आणि झोप सांभाळली तर टिकतात.

सुदामानगरवाली

टीओ साहेब, मुलाला आज विचारलं. म्हणाला, "काठीने पातं ढकललं, फिरलं, मग कॅपॅसिटरच." वर मलाच विचारतो, "क्यों, गलत था क्या?"

डॉलर मार्केटवाल्या दादांचं मार्कशीटचं वाचून लगेच ताईंना फोन केला. अजून दिलेली नव्हती, नशीब.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे मुलगी. तिला दवाखान्यातलं काम आवडेल म्हणते, आणि टॅबवाल्या मुलाने सांगितलंय की बारावी मागाहून कर, आधी कोर्स कर. दुसरं, मुलाच्या कागदांत घोळ आहे. मार्कशीटवर जन्मतारीख एक, आधारवर दुसरी, आणि समग्रमध्ये वडिलांचं आडनावच वेगळं. हे आधी सोडवायचं की आधी गणित?

परदेशीपुरा वाचनालय

मुलीचं मी सांगते. मी मिल एरियात संध्याकाळी मुलींचा अभ्यास घेते, माझ्या बऱ्याच मुली याच रस्त्याने गेल्यात.

अकरावी सोडायची नाही. या एका गोष्टीवर ताईंशी भांडा, काकू. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे पेशंटला उठवणं, पुसणं, बेडपॅन, व्हीलचेअर. काम मानाचं आहे, पण त्यातून नर्स होता येत नाही. तीन महिन्यांनी खाजगी हॉस्पिटलात बारा तासांची ड्यूटी लागते, बऱ्याचदा रात्रीची, आणि पाच वर्षांनीही ती तिथेच असते, कारण वरची पायरी चढायला बारावी लागते आणि ती राहिलेली असते. बारावी झाली, कोणत्याही शाखेतून, आणि सतरा वर्षं पूर्ण असली, की एएनएम या नर्सिंगच्या कोर्सला जाता येतं. ते दोन वर्षांचं. त्याच्या वरचं नर्सिंग, जीएनएम, तीन वर्षांचं. तिथून ती आयुष्यभर पायावर उभी राहते.

फक्त कॉलेज निवडताना डोळे उघडे ठेवा. आपल्याच राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा घोटाळा हायकोर्टाने सीबीआयकडे दिला होता, खोल्या नाहीत, खाटा नाहीत अशी कॉलेजं निघाली, आणि मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या. माझी एक मुलगी त्यात अडकली होती, तिने मधल्या काळात ब्लाउज शिवले. त्या वर्षी मान्यता आहे का हे पैसे भरायच्या आधी बघायचं, "मिळणार आहे" यावर जायचं नाही. शक्यतो सरकारीलाच फॉर्म.

बारावीला ६० टक्के पडले आणि घरचं बीपीएल कार्ड असेल तर शहरातल्या मुलींसाठी "प्रतिभा किरण" आहे, वर्षाला ५००० मिळतात. रक्कम मोठी नाही, पण मुलीच्या नावाने खात्यात येते, आणि घरात तिच्या शिक्षणाकडे बघण्याची नजर थोडी बदलते. माझ्याकडे एका मुलीच्या वडिलांनी त्या पैशांना हात लावला नाही, फक्त पासबुक शेजाऱ्यांना दाखवून आले.

तिला दवाखान्याचं काम खरंच आवडतं का हे बघायचं असेल तर सुट्टीत ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन-तीन आठवडे बसवा. रक्त बघून चक्कर येते की नाही, तिथेच कळेल.

डॉलर मार्केटवाला

टीओ सर, दुपारी दोननंतर पोरगा रिकामा असतो ना? परीक्षेपर्यंत त्याला एखाद्या एसीवाल्याच्या हाताखाली लावा. महाराणी रोडला माल घ्यायला येणाऱ्या दोघा-तिघांना मी ओळखतो, त्यातला एक मराठीच आहे, शिव्या देतो पण शिकवतो. मार्चपासून त्यांना हेल्पर मिळत नाही. दिवसाचे काही पैसेही सुटतील.

जुना टीओ

लावा, पण दोन अटी. संध्याकाळी सातनंतर गणित, ते बुडवायचं नाही, सीझन असला तरी. आणि अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला चौथ्या मजल्याच्या बाहेर लोंबकळून आउटडोअर युनिट बसवायला पाठवायचं नाही. उस्तादला हे समोर सांगा. पट्टा न लावता चढणारी मुलं मी पडलेली बघितली आहेत.

ताई, काठीचं वाचून बरं वाटलं. चूक नव्हती म्हणावं.

कागदांचा क्रम सांगतो, उलटा केलात तर चकरा वाढतील. मूळ धरायचं मार्कशीटवरच्या जन्मतारखेला, कारण आयटीआय तीच बघणार. आधी आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करा. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावरच्या मुलाने टाइप केलेलं स्वतः वाचूनच बोट लावायचं. मग समग्रची ई-केवायसी. आडनावाचा घोळ कियोस्कवर सुटला नाही तर महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज. तोवर संबलची नोंद शोधू नका, समग्रमध्ये नाव चुकीचं असेल तर ती सापडणारच नाही. शेवटी बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का विचारा, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होते आणि पैसे येत नाहीत. बँकेचं तुम्हाला काय सांगायचं.

हे सगळं गणिताबरोबरच चालू ठेवा. आयटीआयचे फॉर्म उन्हाळ्यात निघतात, यादी मार्कांवर लागते आणि शेवटच्या फेऱ्यांत मागचे नंबरही लागतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून ताई घाबरून पुन्हा टॅबवाल्याकडे जातील, तेव्हा त्यांना थांबवा.

सुदामानगरवाली

आधारची अपॉइंटमेंट घेतली. जारच्या शेठशी बोलणं झालं, पाच ते नऊ चालेल म्हणतो, पण पगार साडेतीन नाही, तीन हजार देईन म्हणतो. मी उद्या स्वतः जाते त्याच्याकडे. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचे चौदा जार लागतात.

डॉलर मार्केटवाले दादा, त्या शिव्या देणाऱ्या एसीवाल्याचं दुकान कुठे आहे ते तुमच्या काउंटरवर येऊन विचारीन, इथे नंबर टाकू नका.